धानाची बांधी आणि राष्ट्राराष्ट्रांचा व्यवहार

साकोलीकडील एक वृद्ध शेतकरी २०२३ च्या मार्गशीर्षात आधारभूत खरेदी केंद्रावर काटा होण्याची वाट पाहत बसले होते. आम्ही भेटताच त्यांनी विचारले, "काहो भाऊ, आपल्या धानावर तिकडे जिनेव्ह्याच्या पंचायतीत फिर्याद लागली म्हणतात. आपण तर कोणाचा धुरा कोरला नाही!" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या सुमारास पांढऱ्या तांदळाची परदेशी रवानगी सरकारने बंद केली होती आणि गिरणीवाले भाव पाडून मागत होते. त्याच वेळी, आपले सरकार धानास फार जास्त किंमत देते, अशी काही राष्ट्रांची तक्रार जागतिक व्यापार संघटनेपुढे चालू होती. भाव एकीकडून पडतो आणि दुसरीकडून तो जास्त असल्याची ओरड होते, हे कोडे त्या वेळी उभ्या उभ्या सुटण्याजोगे नव्हते. म्हणून या लेखाचा प्रपंच.

राष्ट्राराष्ट्रांचे संबंध म्हटले म्हणजे वकिलाती, तहनामे आणि लढाया एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. परंतु तलावाच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांस हा विषय इतरांपेक्षा लवकर समजावा असे आम्हांस वाटते. तलावाखालील पहिल्या बांधीवाल्याने भीतीपोटी आपल्याच बांधीत पाणी अडवून धरले, तर शेवटच्या बांधीवाल्याची रोवणी खोळंबते. तो ओरडू लागला की मधलाही घाबरतो आणि गरज नसता आपले तोंड बांधून घेतो. तलावात पाणी असूनही निम्मे शिवार कोरडे राहते. यावर आपल्या मालगुजारी तलावांच्या गावांनी काढलेली तोड जुनी आहे: पाळी ठरवावी, आणि पाणी सोडणारा मनुष्य गावाने नेमावा. राष्ट्रांच्या गावातही पाळी ठरविण्याचे प्रयत्न झाले आहेत. मात्र सर्वांनी मानावा असा पाणी सोडणारा मनुष्य तेथे अद्याप नाही, आणि बहुतेक घोटाळ्याचे मूळ एवढ्यात आहे.

तांदळाच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. जगात जो गहू पिकतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो; तांदळाचा मात्र जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा ज्या देशात पिकतो तेथेच खाल्ला जातो. म्हणजे जगाचा तांदळाचा बाजार हा मोठ्या पिकावरचा उथळ बाजार आहे. आणि त्या उथळ बाजारात येणाऱ्या मालापैकी अलीकडच्या वर्षांत सुमारे चाळीस टक्के माल एकट्या भारताचा असतो. उथळ बोडीत मोठी म्हैस उतरली की पाणी काठावर चढते व ती उठली की तळ दिसतो, तशी ही स्थिती आहे. आपल्या दिल्लीच्या एका आदेशाने मनिला आणि डाकार येथील बाजारात भाव हलतो.

याची उलट बाजू आपल्या मागील पिढ्यांनी भोगली आहे. त्या काळी तांदूळ पुरविणारा देश ब्रह्मदेश होता. १९३७ साली तो हिंदुस्थानापासून राज्यकारभाराने वेगळा झाला, तरी तांदळाची जहाजे येत राहिली. १९४२ च्या मार्चात जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ती जहाजे एकाएकी थांबली. जो तांदूळ आला नाही तो एकूण गरजेच्या मानाने फार नव्हता, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु साठेबाजी, प्रांतांनी एकमेकांच्या सीमेवर घातलेली धान्यबंदी, लष्कराकरिता केलेली ओढाताण आणि चलनवाढ यांनी भाव गरिबाच्या आटोक्याबाहेर नेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लक्ष माणसे दगावली असा अंदाज आहे. येथे प्रांतांच्या धान्यबंदीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्यापुरते तोंड बांधून घेण्याची ती प्रवृत्ती होती, आणि ती परकीयांतच असते असे नाही.

त्या आठवणी ताज्या असतानाच, १६ ऑक्टोबर १९४५ रोजी, कॅनडातील क्वेबेक येथे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली. हिंदुस्थान त्याच वर्षी तिचा सभासद झाला. तिच्याच छत्राखाली १९४९ पासून आंतरराष्ट्रीय तांदूळ आयोगाचे काम सुरू झाले. या आयोगाच्या पुढाकाराने जे एक काम कटक येथे झाले त्याचा आपल्या बांधीशी संबंध आहे. त्याकडे पुढे वळू.

असे असूनही घबराट टळलेली नाही. २००८ साली काय घडले ते थोडे विस्ताराने सांगणे उपयुक्त होईल. त्या वर्षी तांदळाचे जागतिक पीक बुडालेले नव्हते. परंतु गव्हाचा भाव चढल्यामुळे आपल्या सरकारने साध्या तांदळाच्या निर्यातीस आळा घातला, व्हिएतनामानेही घातला. ते पाहून फिलिपाइन्सने मिळेल त्या भावाने खरेदी मांडली. थायलंडचा तांदूळ काही महिन्यांत टनास तीन-साडेतीनशे डॉलरांवरून हजार डॉलरांच्या घरात गेला. आता त्या वेळी जपानच्या गुदामांत सुमारे पंधरा लक्ष टन परदेशी तांदूळ पडून होता. हा जपानने हौसेने घेतलेला नव्हता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये जपानला दरवर्षी ठराविक तांदूळ आयात करावा लागतो. तो जपानी लोक फारसा खात नाहीत आणि त्यातील बराच अमेरिकेचा असल्यामुळे अमेरिकेच्या संमतीवाचून परस्पर विकणेही अवघड. १९९५ पासून असा माल साठत गेला होता. २००८ च्या मे-जून महिन्यांत, हा साठा जपानने गरजू देशांस दिला तर आमची हरकत नाही, असे अमेरिकेने कळविले. प्रत्यक्षात त्यातील फारच थोडा तांदूळ गुदामाबाहेर निघाला. पण तो निघू शकतो, एवढे कळताच बाजार उतरला. गावाच्या तलावावर पाणी सोडणारा मनुष्य नुसता पाळूवर येऊन उभा राहिला तरी तंटा निवतो, त्यातला हा प्रकार होय.

२०२२ साली पुन्हा तसाच काळ आला. युक्रेनच्या युद्धाने धान्य व खत दोन्ही महाग झाली होती, आणि त्या वर्षी गंगेच्या खोऱ्यात पावसाने ओढ दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली व पांढऱ्या तांदळावर वीस टक्के जकात बसविली. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यातच थांबविली. ऑगस्टात उकड्या तांदळावर, ज्यास आपण उष्णा म्हणतो त्यावर, वीस टक्के जकात आली. थायलंडच्या तांदळाने पंधरा वर्षांतील उच्चांक गाठला. ही बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. प्रथम टनास ४९० डॉलर ही किमान किंमत ठेवली होती, तीही ऑक्टोबरात काढण्यात आली. कणीची बंदी मात्र २०२५ च्या मार्चापर्यंत राहिली.

या चौदा महिन्यांत आपल्या जिल्ह्यात काय झाले, याचे उत्तर सर्वांस एक नाही. ज्यांचे धान खरेदी केंद्रावर आधारभूत किमतीने मोजले गेले, त्यांस बंदीची झळ थेट लागली नाही. परंतु ज्यांनी केंद्र सुरू होण्यापूर्वी, देण्याघेण्याच्या निकडीने हलके धान व्यापाऱ्यास घातले, त्यांस बाहेरच्या चढ्या भावाचा लाभ तर मिळाला नाहीच, उलट गिरणीची मागणी मंदावल्याचा तोटा सोसावा लागला. शहरातील ग्राहकास स्वस्त भात मिळावा हे योग्यच आहे. पण तो स्वस्त करण्याचा भार कोणी उचलला, हे सांगण्याचे धैर्य बंदीचे समर्थन करणाऱ्यांनी दाखविले असते तर बरे झाले असते.

बंदीतही एक खिडकी उघडी होती, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही. ज्या देशाचे सरकार अन्नसुरक्षेकरिता मागणी करील, त्यास भारत सरकारच्या परवानगीने तांदूळ द्यावयाचा, अशी तरतूद होती. १८ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने नेपाळास ९५,००० टन, कॅमेरूनास १,९०,००० टन, फिलिपाइन्सला २,९५,००० टन आणि सेशेल्स या हिंदी महासागरातील चिमुकल्या बेटांस ८०० टन तांदूळ मंजूर झाला; मलेशिया, गिनी व आयव्हरी कोस्ट हेही त्या यादीत होते. हा माल पाठविण्याचे काम राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेकडे सोपविले गेले. ही बहुराज्य सहकारी संस्था २०२३ च्या आरंभी स्थापन झाली असून गावच्या प्राथमिक सोसायटीसही तिचे सभासद होता येते. आपल्या तालुक्यांतील सोसायट्यांच्या चालकांनी या गोष्टीची चौकशी करावी. दिलेला तांदूळ हा सौदा होता तसाच स्नेहसंबंधाचाही भाग होता. ज्याच्या दारी आपण अडचणीत धान्य पोहोचविले, तो उद्या पंचायतीत आपल्या विरुद्ध हात वर करताना विचार करतो. भारतानेही याचा अनुभव उलट बाजूने घेतला आहे. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेचा गहू पी. एल. ४८० या कायद्याखाली येत असे, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी तो महिन्या-महिन्याच्या हप्त्याने, आपली मर्जी पाहून सोडला. त्या अपमानाने देशातील शेतीसुधारणेस जेवढी गती दिली तेवढी शंभर व्याख्यानांनी दिली नसती.

आता जिनेव्ह्याच्या फिर्यादीकडे येऊ. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली. तिच्या शेतीविषयक करारात असे ठरले की, सरकारने ठराविक किंमत देऊन माल खरेदी केला तर ती शेतकऱ्यास दिलेली मदत समजावी, आणि विकसनशील देशात अशी मदत त्या पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावी. येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. गोम आहे ती मदत मोजण्याच्या रीतीत. आजची आधारभूत किंमत घ्यावयाची, तिच्यातून १९८६ ते १९८८ या वर्षांतील बाहेरचा भाव वजा करावयाचा, आणि जो फरक राहील त्याने खरेदीच्या मालास गुणावयाचे. तो जुना भाव कायमचा गोठविलेला आहे. आपल्याकडे १९८६-८७ साली साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलास १४६ रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामास ती २,३६९ रुपये होती. दरम्यान मजुरी, खत, डिझेल, मुलांचे शिक्षण, कशाचा भाव गोठला? चाळीस वर्षांपूर्वीच्या काट्याने आजचे धान मोजले तर प्रत्येक पोते जड भरणार. भारत आपला हिशेब डॉलरांत मांडतो, त्यामुळे रुपयाच्या घसरणीचा भाग थोडा कमी होतो, तरी रीत तीच.

या रीतीने २०१८-१९ च्या हंगामात भारताच्या तांदळाची एकूण किंमत सुमारे ४३.६७ अब्ज डॉलर आणि मदत सुमारे ५ अब्ज डॉलर निघाली. दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली. परंतु डिसेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे एक तडजोड झाली होती. अन्नसाठ्याकरिता त्या वेळी चालू असलेल्या खरेदी योजनांवर, कायमचा निर्णय होईपर्यंत, कोणी दावा लावू नये. मात्र त्या देशाने आपला हिशेब उघड करावा आणि त्या साठ्याने इतरांचा व्यापार व अन्नसुरक्षा बिघडू देऊ नये. हिला शांतता कलम म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती तडजोड बेमुदत झाली. २०२० साली या कलमाचा आधार जाहीरपणे घेणारा भारत हा पहिला देश ठरला. आमच्या साकोलीकर मित्राने जिला फिर्याद म्हटले ती त्यामुळे अद्याप दावा झालेली नाही; ती प्रश्न, हरकती आणि हिशेबाची मागणी एवढ्यावर थांबलेली आहे.

हरकत घेणाऱ्यांत अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांजबरोबर थायलंडही आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेच्या मोठ्या शेतकऱ्यास सरकारी तिजोरीतून माणशी जे मिळते ते पाहता तिने आपल्या दोन-तीन एकरवाल्याकडे बोट दाखवावे हे आम्हांस शोभणारे वाटत नाही. परंतु थायलंडचा भातकरी आपल्याच जातीचा, चिखलात रोवणी करणारा आहे. त्याचे म्हणणे असे की, तुम्ही भुकेल्यांकरिता साठा करा, त्याला आमची ना नाही. पण सरकारी खरेदीमुळे मोकळा झालेला दुसरा तांदूळ स्वस्तात जगभर विकला गेला तर आमचे गिऱ्हाईक तुटते. यात अगदीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही. भारताचे उत्तर असे की, जुना भाव बदला, म्हणजे ही मर्यादा मुळी ओलांडलीच जात नाही. २०२४ च्या आरंभी अबू धाबी येथे मंत्र्यांची परिषद भरली, तीत शेतीच्या प्रश्नावर एकमत झाले नाही. आणि समजा उद्या दावा लागलाच, तर त्याचा शेवटचा निकाल देणारे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून निकामी होऊन पडले आहे, कारण अमेरिका नव्या पंचांच्या नेमणुकीस संमती देत नाही. ज्या गावात पंचच नाहीत, त्या गावात ज्याची लाठी मोठी त्याचे म्हणणे चालते. आज सवलत आपल्या बाजूची असली तरी पंच असणे हे लहानाच्याच हिताचे आहे, असे आमचे मत आहे.

भावाच्या या भांडणांत एक गोष्ट मागे पडते. राष्ट्राराष्ट्रांच्या सहकार्याचे सर्वांत भरघोस फळ आपण दर आषाढात स्वतःच्या हाताने पेरतो. आपल्या भागात घरोघर लागणारे १०१० धान घ्या. आंध्रातील मारुतेरू येथील संशोधन केंद्राने ते कृष्णवेणी व आय. आर. ६४ यांच्या संकरातून काढले. यांतील आय. आर. ६४ ही फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची जात होय. ती संस्था १९६० साली फिलिपाइन्स सरकार आणि अमेरिकेतील फोर्ड व रॉकफेलर या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांनी मिळून काढली. तिने १९६६ साली दिलेल्या आय. आर. ८ या जातीचे बीज अर्धे इंडोनेशियातील पेटा या उंच धानाचे, अर्धे तैवानातील एका ठेंगण्या धानाचे. तैवानच्या त्या ठेंगणेपणाने खत दिले तरी पीक लोळेनासे झाले. आपली जया ही १९६८ ची जातही तैवानचे तायचुंग आणि ओडिशाचे टी. १४१ यांचे अपत्य आहे.

स्वर्णा धानाची कुळी तर अधिक मनोरंजक आहे. वर ज्या तांदूळ आयोगाचा उल्लेख केला, त्याने कटक येथे जपानी व देशी भाताचा संकर करण्याचे काम १९५० नंतर चालविले. त्यातून मलायात म्हसुरी ही जात निपजली. ती आपल्याकडे परत आली. आणि मारुतेरू येथे वशिष्ठ व म्हसुरी यांपासून स्वर्णा झाले. पुढे ओडिशातील एका जुन्या धानात, पाण्याखाली दहा-पंधरा दिवस राहूनही न मरण्याचा गुण आढळला. ते बियाणे लॉस बान्योस येथे गेले, त्या गुणाचे नेमके मूळ शोधण्यात आल्यावर तेथे ते स्वर्णात उतरविण्यात आले, आणि २००९ साली स्वर्णा सब-१ या नावाने ते भारतात प्रसृत झाले. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने भंडाऱ्याभोवतीची शिवारे बुडविली, ती ज्यांनी पाहिली त्यांस या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्याच देशाचा गुण परदेशातून फिरून आपल्या बांधीत आला. कोणी कोणाचे चोरले, हा प्रश्न येथे लावणे कठीण आहे.

तथापि लावावा लागतो, आणि त्याकरिता करारही झाले आहेत. नोव्हेंबर २००१ मध्ये रोम येथे मान्य झालेला व २९ जून २००४ पासून अंमलात आलेला पीक-बीजांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारला आहे. भात हे त्यातील एक पीक. त्याप्रमाणे सभासद देशांनी संशोधनाकरिता बीज एकमेकांस द्यावे आणि त्यातून होणाऱ्या नफ्याचा काही भाग सामाईक निधीत यावा. निधीत येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा फार थोडी आहे, हे खरे. पण देवघेवीचा मार्ग मोकळा राहिला आहे. आपल्या साकोली केंद्राने काढलेल्या जातींसही अशा मोकळ्या मार्गाचा उपयोग आहे.

नावाच्या बाबतीत मात्र सढळपणा परवडत नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या एका कंपनीने बासमतीवर पेटंट मिळविले. भारताने २००० साली पुराव्यानिशी हरकत घेतली, तेव्हा कंपनीस बहुतेक दावे सोडावे लागले आणि पेटंटाच्या मथळ्यातून बासमती हा शब्दही गेला. या प्रकरणात भारताची एक उणीव उघडी पडली. ज्या नावास स्वतःच्या देशात कायद्याचे संरक्षण नाही, त्याचे रक्षण इतर राष्ट्रांनी करण्यास ती बांधलेली नाहीत, असे बौद्धिक संपदेच्या करारात स्पष्ट आहे. आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला व सप्टेंबर २००३ मध्ये अंमलात आला. बासमतीचे भांडण तेवढ्याने मिटले नाही. युरोपात भारताने त्या नावावर एकट्याचा हक्क मागताच २०२० साली पाकिस्तानने हरकत घेतली, आणि इतिहास पाहता ती निराधार नाही; पंजाबचे शिवार फाळणीने दोन देशांत गेले, धानाला ते कोण सांगणार?

आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळास हे मानांकन मिळालेले आहे. परंतु त्याचा अर्थ पुष्कळांनी चुकीचा घेतलेला दिसतो. मानांकन झाले म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक चिन्नोरवाल्यास ते आपोआप लावता येत नाही. प्रत्येक उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. शिवाय ही नोंद भारतापुरती आहे. दुबईस किंवा लंडनास कोणी दुसराच तांदूळ या नावाने विकू लागला, तर तेथील कायद्याप्रमाणे निराळी नोंदणी असल्याखेरीज त्यास अडविणे कठीण जाते. परदेशातील ती नोंदणी एकेकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही, ती उत्पादकांच्या संस्थेनेच करावयाची असते. देशातील नोंदणी मात्र ज्याची त्याने करावयाची आहे, आणि तिला सातबारा, लागवडीचा तपशील व अर्ज एवढ्यापासून आरंभ करता येतो.